मला मळू द्या

हसणार नसाल तर सांगतो. मी गोल्फचे चेंडू धुणारं मशीन. कपड्यांचं, भांड्यांचं मशीन सगळ्यांना ठाऊक असतं. चेंडूंनाही आंघोळ लागते हे मात्र कुणाला पटत नाही. पण गोल्फच्या चेंडूला अंगभर खळगे असतात. त्यांत चिखल जाऊन बसला की तो धड उडत नाही, आणि मग मारणारा स्वतःची चूक सोडून चेंडूला नावं ठेवतो.

कारखान्यात माझ्या पोटात गोल ब्रश बसवले, मोटर जोडली आणि मला खोक्यात बंद केलं. तेव्हापासून मनात एकच धास्ती. आपण कुणाच्या हाती पडणार? आणि काम जमेल ना?

मी आलो तो सरावाच्या एका मैदानावर. ते नणंद-भावजय मिळून चालवतात. असं म्हटलं की लोक भांड्याला भांडं लागायची वाट बघत बसतात, पण इथे तसं काही नाही. नणंदबाई काउंटरवर बसून चेंडूंच्या टोपल्या देतात, आणि वहिनी मागच्या खोलीत टपात हात घालून चेंडू घासायच्या. घासून घासून त्यांच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. "हात पाण्यात घालणं बंद करा, नाहीतर हे हात कामातून जातील," असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, म्हणून मला आणलं. हे कळलं तेव्हा माझी धास्ती दुप्पट झाली. मला वाटलं होतं आपल्याला चेंडू सांभाळायचेत, आणि इथे तर दोन हात सांभाळायचे होते.

मला बसवायला वायरमनकाका आले. नणंदबाई पुस्तिका वाचून सूचना देत होत्या.

"काका, आधी पाणसळ लावा. जमीन तिरपी असली तर हे नाचत सुटेल."

काकांनी माझ्या पायांचे स्क्रू फिरवून मला सरळ उभं केलं. वरून पाण्याची नळी जोडली, खालून निचऱ्याचा पाइप मोरीत सोडला, अर्थिंगची वायर ओढून पाहिली. मग वहिनींना म्हणाले, "ताई, पाणी या खुणेपर्यंत चढल्याशिवाय बटण दाबायचं नाही. कोरडं फिरवलंत तर ब्रशची वाट लागेल."

"आणि मळके चेंडू वरून ओतायचे, स्वच्छ खालून घ्यायचे. झालं!" नणंदबाई म्हणाल्या.

वहिनी माझ्या चकचकीत झाकणावरून बोट फिरवत पुटपुटल्या, "एवढं नवंकोरं. यात चिखल ओतायचा?"

ते कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं, आणि माझी मोटर सुरू होण्याआधीच धडधडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीतला नळ वाजला. पाहतो तर काय, वहिनी टपात चेंडू घासतायत! घासून, पुसून, मग त्यांनी ते अलगद माझ्यात सोडले. कामाला बाई यायच्या आधी घर आवरून ठेवणारी माणसं असतात ना, त्यातल्या त्या. रोज असंच चाललं. माझ्या पोटातलं पाणी नितळच्या नितळ.

"काय झकास धुतं हो हे!" नणंदबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या. ती फुकटची वाहवा मला टोचायची, कारण वहिनींच्या भेगांतून आता रक्त येऊ लागलं होतं.

"मशीन आलं तरी हात तसेच?" एक दिवस नणंदबाई चिडल्या. "याचंच साबणपाणी तुला बाधतंय. विकून टाकते बघ याला."

"अहो वन्सं, मशीन चांगलं आहे..."

"तू गप गं! मशीनपेक्षा हात महत्त्वाचे."

वहिनींनी हात पाठीमागे लपवले. मी मनातल्या मनात ओरडत होतो, पण आमच्या जातीला घरघर करण्यापलीकडे येतं काय? मी गेलो की तो टपच उरणार, या विचाराने मला घाम फुटायचा बाकी होता.

मग मैदानातला पाण्याचा पाइप फुटला. सगळीकडे चिखल, चेंडूही ओळखू येईनात. वहिनी डॉक्टरांकडे गेलेल्या आणि गिऱ्हाईक खोळंबलेलं. नणंदबाईंनी टोपली उचलली आणि चिखलासकट माझ्यात रिकामी केली.

जन्मात पहिल्यांदा मी खरं काम करत होतो. जमलं नाही तर? पण ब्रश फिरत राहिले. पाणी काळंकुट्ट झालं आणि खालून चेंडू पांढरेशुभ्र पडू लागले.

तेवढ्यात हातांना पट्ट्या बांधून वहिनी परतल्या. झाकण उघडून किंचाळल्याच, "वन्सं! अहो, मशीन मळवलंत की!"

"मळवलं? अगं, ते मळायलाच तर आणलंय." नणंदबाई एकदम थांबल्या. "पण काय गं, इतके दिवस याचं पाणी एकदाही काळं कसं झालं नाही?"

वहिनींनी मान खाली घातली. "मी आधी धुऊन घालायचे. फक्त वरवर हो. नवं मशीन, खराब होईल म्हणून..."

नणंदबाई स्टुलावर बसल्या. पट्ट्यांतले ते हात त्यांनी आपल्या हातांत घेतले. "वेडी आहेस का गं तू? मशीन गेलं तर दुसरं आणता येईल. हे कुठून आणू?"

'दुसरं आणता येईल' हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. पण नाही वाटलं.

आता माझे ब्रश काळपट झालेत, झाकणाची चकाकी गेलीय. वहिनींच्या बोटांवर नवी कातडी धरतेय. तरी माझी धास्ती काही सरलेली नाही, कारण तो टप कोपऱ्यात उपडा घातलाय, फेकलेला नाही. आज सकाळीच वहिनींनी चिखलाने लडबडलेला एक चेंडू उचलला, दाराकडे पाहिलं आणि मग टपाकडे. माझा जीव टांगणीला लागला.

वहिनी, माझी काळजी करू नका. मळलो तर मी धुतला जाईन. टाका तो चेंडू, आहे तसाच टाका.

त्यांनी टपाकडे पाठ फिरवली. मग माझं झाकण उघडलं.