मुखेडला राहिलेला जुना मी

मित्रांनो, मी एक जुना मॅक्रो आहे. मी म्हणजे प्रोग्राममध्ये एकदाच लिहून ठेवलेला नियम. दुसऱ्या मॉड्यूलने, म्हणजे प्रोग्रामच्या दुसऱ्या भागाने, माझं नाव घेऊन मला बोलावलं की बांधणीच्या वेळी, म्हणजे लिहिलेल्यातून चालणारा प्रोग्राम तयार होताना, माझी नक्कल त्याच्या पोटात भरली जाते. शेजारीण विरजण नेऊन आपल्या घरी दही लावते ना, तसं. दही एकदा लागलं की मूळ घरी काय बदललं, याची त्या भांड्याला खबर नसते. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

माझा जन्म लातूरचा. शहराला रेल्वेने पाणी येत होतं, त्या दुष्काळातला. व्यंकटी नावाचा तरुण क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचा आणि एका मदत संस्थेच्या टँकरांचं काम बघायचा. सगळं काम फंक्शनांनी चालणाऱ्या एका भाषेत त्याने मला लिहिलं. लातूर, भोकर, मुखेड, प्रत्येक तालुक्याचं मॉड्यूल वेगळं; नियम मात्र माझाच. गावाला एक टँकर, आणि तो गावच्या विहिरीत रिकामा करायचा. सगळीकडून मला बोलावणं असे. माझं कौतुकही होई, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

एके दुपारी मुखेडकडच्या एका वाडीतून सरजाबाई आल्या. बौद्ध वस्तीत राहणाऱ्या, दोन एसटी बदलून आलेल्या. जय भीम म्हणाल्या, पण बसल्या नाहीत.

"सायेब, टँकर गावच्या हिरीत रिकामा व्हतो. गावाचं भरल्याबिगर आमाला घागर लावू देत न्हाईत. मग गाळच हाती येतो. माझी सून भामाबाई पोटुशी हाय. पाणी खरडायला जुन्या हिरीत उतरून राहिली."

"मावशी, वस्तीला वेगळी खेप लावतो," व्यंकटी म्हणाला. "आजच."

त्याने शब्द पाळला. जितक्या वस्त्या तितक्या खेपा, असं त्याने मला नव्याने लिहिलं. लातूर आणि भोकरची मॉड्यूलं पुन्हा बांधली. मुखेडचा कॉम्प्युटर मात्र मुखेडलाच, तिथलं काम बघणाऱ्या नरसिंगच्या ताब्यात होता. त्याला व्यंकटीने माझी नवी फाईल पाठवली आणि मॉड्यूल पुन्हा बांधायला सांगितलं.

नरसिंग वाईट माणूस नव्हता. पण पाडव्याला कुंकू लावून, नारळ फोडून त्याने ते मशीन चालू केलं होतं. पूजा करून लावलेलं, नीट चालतं काम मोडून परत मांडायला त्याचं मन धजेना. त्याने माझी फाईल जागेवर ठेवली आणि जुनी बांधणी तशीच राहू दिली.

"नवा नियम दिसतोय का?" व्यंकटीने फोनवर विचारलं.

"हाव सर, दिसून राहिला की."

दिसत होताच. फाईलमध्ये मी नवा होतो. मॉड्यूलच्या पोटात मात्र जुनाच मी बसलो होतो, आणि टँकर त्याच्या सांगण्याने निघत होता. मला दोन्ही ठिकाणचं कळत होतं, पण बोलायला तोंड नव्हतं. ती चीड अजून जात नाही.

वस्तीने सकाळपासून घागरी रांगेला लावल्या. टँकर गावच्या विहिरीकडे वळला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग भामाबाई पुन्हा जुन्या विहिरीत उतरायला गेली आणि पायाखालचा दगड सुटला. तिला वर काढलं तेव्हा ती गेली होती, पोटातलं लेकरूही गेलं होतं.

ते कळताच व्यंकटी त्याच दिवशी स्वतः मुखेडला गेला आणि मॉड्यूल पुन्हा बांधलं. "म्या तर फाईल ठेवली व्हती, सर," एवढंच नरसिंग म्हणत राहिला.

मित्रांनो, तुम्हीही उद्या नियम लिहाल, बदलाल. बदल लिहिला म्हणजे तो पोचला, असं समजू नका. जुनं जिथे जिथे नेलं गेलं असेल तिथे जा, ते काढा, नवं घाला. आणि मग टँकर कुठे वळतो ते उभं राहून बघा.

मॉड्यूल बांधल्याच्या दुसऱ्या दिवशी टँकर वस्तीत आला. बाया घागरी घेऊन धावल्या. सरजाबाई उंबऱ्यावरच बसून होत्या. व्यंकटी त्यांची घागर उचलायला वाकला, तेव्हा त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, लेकरा. काल तिला आंघोळ घालायलाबी पाणी मागून आणलं व्हतं."