सभेची गाडी

त्या घरात पक्ष दोनच होते: आपले आणि ते. नावं घ्यायची कधी गरजच पडली नाही.

छापखानेवाल्यांनी उभी हयात आपल्यांची पत्रकं छापण्यात घातली. जाहीरनाम्यातली काना-मात्रेची चूक त्यांना हातभर अंतरावरून दिसायची. मजकुरातली मात्र एकही कधी सापडली नाही. टीव्ही त्यांनी काढून टाकला होता, कारण सगळी चॅनेलं ‘त्यांनी’ विकत घेतलेली. रस्त्यात खड्डा आला की पालिका सध्या कोणाची ते आधी आठवायचं, आणि मग तो खड्डा आहे की काम चालू आहे, ते ठरवायचं.

जमेच्या बाजूलाही काही लिहायला हवं. बायकोच्या गोळ्या ते स्वतः डबीत लावून ठेवत. मूत्रपिंडं गेल्यापासून तिला पाणी मोजून प्यावं लागे, म्हणून तिच्यासमोर ते स्वतःही घोटभरच पीत. डायलिसिसचं केंद्र घरामागच्या गल्लीत होतं. आठवड्यातून तीनदा ती चालत जायची आणि येताना सुनेच्या खांद्यावर हात टाकून, थांबत थांबत घरी यायची. मुलगा परगावी नोकरीला. सगळा भार सुनेवर.

छापखानेवाल्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. महिनाभर वाचायचं नाही, आठवडाभर भेटीगाठी नाहीत. पेपर वाचून दाखवायचं काम सुनेकडे आलं. तिसऱ्याच सकाळी आतल्या पानावर बातमी होती: गल्लीतलं केंद्र बंद करून शहराबाहेरच्या मोठ्या रुग्णालयात हलवणार. ठराव पालिकेचा, आणि पालिका आपल्यांची.

सुनेने बातमी आधी मनातच वाचून घेतली. नागरिक समितीचे अध्यक्ष सासरे. समितीने हरकत घेतली तर ठराव अडणार होता, आणि समितीत त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नसे. तिने घसा साफ केला आणि नाव बदलून वाचलं, “विरोधी पक्षाने केलेल्या मागणीनुसार डायलिसिस केंद्र शहराबाहेर...”

“काय?” छापखानेवाले उठून बसले. “चार तास यंत्राला बांधून घेतलेल्या बाईला दोन बस बदलायला लावणार? ह्यांच्या घरात आया-बहिणी नाहीत? वाटेत चक्कर येऊन पडली तर उचलायला कोण, ह्यांचा पुढारी? अगं, मी हा ठराव हाणून पाडतो की नाही बघ!”

सून हसू दाबत स्वयंपाकघरात आली. “आई, ऐकलंत? बाबा काय तापलेत!”

सासू पाण्याचा पेला खुणेपर्यंत भरत होती. “ऐकलं. पेपर मीही सकाळीच वाचलाय.” तिने पेला झाकला. “नाव कळलं की उतरेल गं ताप.”

“असं कसं? एवढं बोलून बसल्यावर?”

“तुला सासरे नवीन आहेत. मला नवरा जुना आहे.”

आठवडा संपला तसा आपल्यांचा नगरसेवक डोळ्यांची चौकशी करायला आला. चहा झाला. मग म्हणाला, “काका, ते केंद्र हलवायचं आपण ठरवतोय. समितीची हरकत नाही असं धरून चालू ना?”

“आपण?” छापखानेवाल्यांची मान सुनेकडे वळली.

“बाबा, परवा म्हणालात ते सांगा ना ह्यांना,” सून म्हणाली. “दोन बसचं. चक्कर येण्याचं.”

छापायला गेलेल्या पानात शेवटच्या क्षणी ओळ बदलावी, तशी छापखानेवाल्यांच्या कपाळावरची शीर हलली. मग ते बोलू लागले, आणि शांतपणे बोलले. “हे बघ, लोकांना सगळं उंबऱ्यात हवं असतं. पण गल्लीतल्या दोन खोल्यांत उद्या काही बिघडलं तर डॉक्टर कुठून आणायचा? तिकडे तज्ज्ञ हाताशी. बसचं म्हणशील तर माणूस बाहेर पडलं की उभारीही धरतं. माझ्या घरात पेशंट आहे, मी अनुभवाने सांगतो. बायकोच्या जिवाची काळजी असलेला माणूस हेच म्हणेल.”

ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलत असते तर कुठेतरी अडखळले असते.

नगरसेवक गेल्यावर ते सुनेला म्हणाले, “वाचताना नीट वाचत जा गं. अर्थाचा अनर्थ होतो.”

केंद्र गेलं. दर वेळी टॅक्सी परवडणारी नव्हती. सासू दोन बस बदलून जाऊ लागली आणि अंधार पडल्यावर परतू लागली. एकदा बसच्या पायरीवरून पडली, हाताला टाके पडले. छापखानेवाले रात्रभर उशाशी बसले. “चालक बेपर्वा असतात हल्ली,” म्हणाले.

मग निवडणूक झाली. ते आले, आपले गेले. नव्या पालिकेने सांगितलं, केंद्र आता आहे तिथेच, शहराबाहेर राहील.

आता छापखानेवाल्यांना नवा चष्मा होता, आणि त्यातून दोन बस स्वच्छ दिसू लागल्या. चौकात निषेध सभा ठरली. मुख्य वक्ते तेच. आदल्या संध्याकाळी ते बायकोजवळ बसले.

“उद्या व्यासपीठावर तू हवीस. नुसतं बसायचं. लोकांना कळू दे ह्यांनी काय हाल केलेत.”

“अहो, उद्या माझा डायलिसिसचा दिवस.”

“एक दिवस पुढे-मागे नाही चालत?”

तिने सुजलेले पाय त्यांच्यासमोर लांब केले. त्यांनी नजर काढून घेतली.

“बरं, राहू दे. तुझं नाव घेऊन बोलेन.”

“तुम्हाला न्यायला गाडी येणारेय ना? ती मला आधी तिकडे सोडेल?”

छापखानेवाले खरंच अवघडले. “अगं, ती सभेची गाडी. घरच्या कामाला वापरली तर उद्या तेच आपल्याकडे बोट दाखवतील.”

दुसऱ्या दिवशी गाडी आली आणि छापखानेवाल्यांना घेऊन गेली. सासू-सून बसच्या थांब्यावर उभ्या होत्या. चौकातला कर्णा तिथपर्यंत ऐकू येत होता.

“चार तास यंत्राला बांधून घेतलेल्या बाईला तुम्ही दोन बस बदलायला लावता? तुमच्या घरात आया-बहिणी नाहीत?”

टाळ्या पडल्या. सुनेने ओठ आवळले. शब्दाला शब्द तोच होता.

“आवाज ओला झालाय,” सासू कान देऊन म्हणाली. “खरोखर रडतायत गं.”

बस आली. दोघींनी हात केला. भरलेली होती, थांबली नाही.