काट्यावर न येणारा चाकू

चाकूच्या मुठीच्या टोकाला एक भोक होतं आणि त्यातून ओवलेला नारिंगी दोरा चार सेंटिमीटर बाहेर राहत असे. तीन ठेवला तर तो बोटांच्या चिमटीत नीट येत नाही आणि पाच ठेवला तर उगाच लोंबतो, हे वैभवीने करून पाहिलं होतं. अख्खा चाकू सतरा ग्रॅमचा. त्यात दोऱ्याचा वाटा अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. वजन उतरवण्यासाठी तिने मुठीत भोकं पाडली होती, पात्याची पाठ घासली होती, मुठीवर लाकूड किंवा प्लास्टिक चढवलंच नव्हतं. दोऱ्याला मात्र तिने हात लावला नाही. तो गिऱ्हाइकांच्या तक्रारींतून आला होता. चाकू टायटॅनियमचा, इतका हलका, की लोक तो कुठेतरी ठेवत आणि ठेवल्याचं विसरत. नारिंगी रंग निदान डोळ्यांना दिसे.

गंमत म्हणजे चाकूच्या वेष्टनावर तिने स्वतःच छापलं होतं, "जवळ आहे हे विसरून जाल." ते कौतुक म्हणून छापलं होतं.

विदर्भातल्या मालेगावात वाशीम रोडला तिच्या वडिलांची, जगदेवरावांची, धान्याची आडत होती. आडतीच्या गोदामामागे टिनाची शेड आणि शेडच्या एका कोपऱ्यात वैभवीचं काम. धातुशास्त्र शिकून पुण्याच्या एका प्रयोगशाळेत काही वर्षं काढल्यावर ती परत आली होती. टायटॅनियमचा पत्रा कुरिअरने येई. ती तो कापी, घासी, आणि पात्याच्या एका बाजूला विजेच्या ठिणगीने कार्बाइडचा थर चढवी, कारण नुसत्या टायटॅनियमची धार फार दिवस टिकत नाही. लोखंड घासताना तांबूस ठिणग्या उडतात, टायटॅनियमच्या पांढऱ्या शुभ्र उडतात. सुरुवातीला गोदामातले हमाल त्या पाहायला येत. मग शेजारीच रिकाम्या पोत्यांची, बारदानाची थप्पी आहे हे जगदेवरावांच्या लक्षात आलं आणि मध्ये एक पत्रा उभा राहिला.

पहिला चाकू तयार झाला तेव्हा जगदेवरावांनी तो उचलून थेट मोठ्या काट्यावर ठेवला होता. सोयाबीनचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, मोजायचा काटा तो. लाल आकडे शून्यावरून हलले नाहीत.

"हे पाय," ते म्हणाले. "कायीच नाई."

"बाबा, तो काटा पन्नास ग्रॅमच्या पटीत दाखवते. कट्ट्यायसाठी आहे तो."

"काटा बरोबर हाय. सरकारी शिक्का हाय त्याच्यावर."

"शिक्का बरोबरच आहे. पण..."

"मंग?"

त्यांनी चाकू उचलला, तळहातावर उडवून पाहिला. "घेते कोन हे?"

"डोंगरात आठ-आठ दिवस पाठीवर सामान घेऊन चालणारे लोक. त्यांना ग्रॅमभरही जड होते. काही जण तर दात घासायच्या ब्रशाची दांडी कापून टाकतात, वजन कमी व्हावं म्हणून."

जगदेवरावांनी चाकू पुन्हा तोलून पाहिला. आयुष्यभर त्यांनी माल जड भरावा म्हणून भिजवून आणणारे लोक पाहिले होते. वजन कमी व्हावं म्हणून जास्त पैसे मोजणारा माणूस त्यांच्या आडतीत कधी आला नव्हता.

"घरी खायले नाई काय त्यायच्या?"

"आहे."

"मंग डोंगरात कायले जातात?"

वैभवीने चाकू परत वेष्टनात घातला.

गोदामाला लागून, रस्त्याच्या बाजूला, जगदेवरावांचा एक गाळा होता. पक्क्या भिंती, थ्री-फेजची वीज, बारदानापासून लांब. पोळ्यापासून तो रिकामा होता. वैभवीला मोठी मशीन बसवायची तर हाच गाळा हवा होता, शेडमध्ये ती चाललीच नसती. ट्रेकिंगचं सामान विकणारी पुण्याची एक कंपनी तिला मशीन, जागा, पगार सगळं द्यायला तयार होती. फक्त तिथे येऊन राहायचं आणि चाकूवर नाव कंपनीचं. कंपनीने दोनदा विचारलं होतं, वैभवीने दोनदा मुदत मागून घेतली होती. गाळा मिळाला तर मालेगाव, नाही तर पुणं. इतकं सोपं होतं. अवघड फक्त एवढंच होतं की गाळ्याचं जगदेवराव बोलत नव्हते.

"पाहू," ते म्हणत. "सोयाबीन येऊ दे." सोयाबीन आलं. "तूर येऊ दे." तूरही आली. "आता हरीओमचं लगन होऊ दे."

आडतीच्या धंद्यात "पाहू" हा शब्द फार कामाचा असतो. शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला, बँकवाल्याला, सगळ्यांना तो सारखाच लागू पडतो. गाळ्यासाठी गोविंदसिंगही येत असत. ठिबकच्या नळ्यांचे व्यापारी, भाडं वाढवून द्यायला तयार. त्यांनाही जगदेवराव "पाहू" म्हणत. पक्षपात नव्हता.

हरीओम म्हणजे वैभवीचा धाकटा भाऊ, वाशीमला बँकेत. लग्न शिरपूरला, मुलीकडे. हळद लागली की लग्न लागेपर्यंत नवरदेवाच्या हातात कट्यार असते, तिच्या टोकाला लिंबू खोचलेलं. दृष्ट लागू नये म्हणून ती हातातून सोडायची नाही, जेवतानासुद्धा नाही. घराण्याची कट्यार इंझोरीला काकांकडे होती, लोखंडाची. ती धरून धरून काकांचं मनगट त्यांच्या लग्नाच्या फोटोत सुजलेलं दिसतं.

"ताई, मी तुहाच चाकू धरतो," हरीओमने हळदीच्या आदल्या दिवशी जाहीर केलं. "शे-दीडशे फोटो निघतीन. फुकटात जाहिरात."

रुख्मिणी आत्या रीतीभातींच्या खात्याच्या प्रमुख होत्या. त्यांनी चाकू हातात घेतला आणि लगेच दुसऱ्या हातात घेतला, जणू पहिल्या हाताने नीट सांगितलं नव्हतं.

"लोखंड हाय ना वं हे?"

"धातू आहे, आत्या."

"मी काय इचारलं? लोखंड हाय का?"

"नाही."

"मंग दृष्टीले काय समजन, की हे काय हाय?"

टायटॅनियमवर हवेतच एक पातळ थर बसतो आणि त्यामुळे लिंबाच्या रसाचाही त्याच्यावर परिणाम होत नाही, हे वैभवी सांगू शकली असती. पण आत्यांचा प्रश्न लिंबाबद्दल नव्हता. शेवटी आत्यांनीच तोड काढली. चाकूच्या टोकाला लिंबू लावलं आणि त्याच लिंबात एक जाडजूड लोखंडी खिळा ठोकला. "आता होऊ दे," त्या म्हणाल्या. वैभवीने सवयीने तसलाच दुसरा खिळा आपल्या छोट्या काट्यावर ठेवून पाहिला. तो चाकूपेक्षा जड भरला.

जगदेवरावांनी या सगळ्यावर "पाहू" म्हटलं, आणि घरातल्यांनी तो होकार धरला.

लग्नाच्या दिवशी वरात शिरपूरला मारुतीच्या पारापाशी पोचली तेव्हा डीजे इतका मोठ्याने चालला होता की घोडी सारखी कान हलवत होती. बायका मागे होत्या, त्यामुळे वैभवीला पुढचं फारसं दिसत नव्हतं. नवरदेव घोडीवरून उतरला, मारुतीला नारळ फुटला, नाचणाऱ्यांच्या धक्क्यात लिंबू खाली पडून कुणाच्या तरी बुटाखाली गेलं, एवढं तिला माणसांच्या फटीतून कळलं. मग वरात पुढे सरकली.

मंगल कार्यालयाच्या दारात आत्या नवं लिंबू घेऊन तयार होत्या. पिशवीत जादा खिळेही होते. अशा बाबतीत त्या कुणावर अवलंबून राहत नसत.

"आन, चाकू दे."

हरीओमने उजवी मूठ पुढे केली, उघडली. रिकामी. त्याने डावी उघडली. तीही रिकामी.

"माह्या हातातच होता," तो म्हणाला.

"होता म्हंजे? आता कुठी हाय?"

"आत्या, खरं सांगू? हातात हाय का नाई, तेच कळत नव्हतं मले."

कुणीतरी हसलं. आत्या हसल्या नाहीत. त्यांच्या एका हातात लिंबू होतं, दुसऱ्या हातात खिळा, आणि समोर कट्यारीविना मांडवात शिरू पाहणारा नवरदेव. शोध सुरू झाला. घोडीचं खोगीर पाहिलं. फेट्यात, शेल्यात पाहिलं. दोन पोरं मारुतीच्या पारापर्यंत धावत गेली आणि फुटलेलं लिंबू घेऊन परत आली. डीजेवाल्याला थांबवलं, तेव्हा शिरपुरात पहिल्यांदा पक्ष्यांचे आवाज ऐकू आले. मुलीकडचे मामा घड्याळ पाहू लागले.

गर्दीत जगदेवराव पुढे आले. नवं जाकीट, गुलाबी फेटा, कपाळावर घाम.

"मी म्हनतच होतो," त्यांनी सुरुवात केली, आणि त्यांचा आवाज आडतीत लिलाव पुकारताना लागतो तसा लागला. "जे काट्यावर येत नाई, ते हातात कसं राहीन? सतरा ग्राम! सतरा ग्रामची चीज असते का कुठी? एवढं शिकून पोरीनं काय केलं, तर हवा विकून राह्यली!"

"जाऊ द्या ना भाऊ," गोविंदसिंग म्हणाले. ते वरातीला आलेच होते, आणि योगायोगाने नेहमीप्रमाणे जगदेवरावांच्या शेजारी उभे होते. "लेकरं हायेत. ठिबकच्या नळीचं तसं नाई हां. दिसते, मोजता येते."

"तेच म्हनतो मी. धंदा असा पायजे, की हातात धरला त समजला पायजे." जगदेवराव गोविंदसिंगांकडे वळले. वैभवीला त्यांचा चेहरा माहीत होता. भाव ठरायच्या अगदी आधी ते असाच एक ओठ आत घेत. "गोविंदसिंग, तुमी असं करा..."

तेवढ्यात वैभवीला दोरा दिसला.

जगदेवरावांच्या जाकिटाच्या वरच्या खिशातून तो बाहेर आला होता. नारिंगी, जाकिटाच्या तपकिरी रंगावर अगदी स्पष्ट, साधारण दोन सेंटिमीटर. बाकीचे दोन आत असणार. पारापाशी लिंबू पडल्यावर त्यांनी पोराच्या हातून चाकू घेतला असणार, नवं लिंबू येईपर्यंत खिशात टाकला असणार, मग कुणीतरी पाहुणा भेटला असणार. आणि खिशाने त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

ती काहीही मोठ्याने म्हणू शकली असती. दीडशे माणसं ऐकायला होती, डीजे बंद होता. इतका चांगला प्रयोग तिला प्रयोगशाळेतही कधी मिळाला नव्हता: वजनावर आयुष्य काढलेला माणूस, खिशात सतरा ग्रॅम, आणि नोंद शून्य.

"बाबा, जाकीट सरळ करते," ती म्हणाली आणि पुढे झाली. कॉलर नीट केली, मग खिशाची कड. दोरा दोन बोटांच्या चिमटीत बरोबर आला. चाकू तिच्या पदराआड उतरला तेव्हा जगदेवरावांचं वाक्य अजून अर्धंच होतं.

"सापडला, आत्या."

"कुठी होता वं माय?"

वैभवीने क्षणभर विचार केला. खोटं बोलणं तिला जमत नसे.

"जवळच होता."

आत्यांना जास्त चौकशीत रस नव्हता. त्यांनी लिंबू खोचलं, खिळा ठोकला, चाकू हरीओमच्या मुठीत देऊन त्याची बोटं स्वतः मिटवली. "आता सुटला त मी हाय अन् तू हायेस." डीजे पुन्हा सुरू झाला. घोडीने कान हलवले.

जगदेवराव जागचे हलले नाहीत. पारापाशी आपणच चाकू घेतला होता हे आठवून त्यांचा हात जाकिटाच्या खिशावर गेला. वरून चाचपलं. मग त्यांनी दोन बोटं आत घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली. आता खिसा रिकामा होता आणि मघाशी नव्हता, आणि त्यांना फरक लागला नव्हता. तेव्हाही नाही, आताही नाही. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती हरीओमचा शेला नीट करत होती, आणि तिने वर पाहिलं नाही.

अक्षता पडल्या. पंगती बसल्या. जगदेवराव वाढत, आग्रह करत फिरले, पण त्यांचा हात मधूनमधून खिशाकडे जाई. वैभवी बायकांच्या पंगतीत बसली होती. त्यांनी स्वतः तिच्या पानात बुंदी वाढली, आणि ती पुरे म्हणाली तरी वाढली.

"गाळ्याचं काय, बाबा," ती हळूच म्हणाली, "पुण्यावाल्यांनी उद्यापर्यंत सांगा म्हटलंय. या वेळी मुदत मागता नाही यायची."

"जेव," ते म्हणाले.

समोरच्या पंगतीत गोविंदसिंग वरण-भात कालवत होते. मघाचं वाक्य त्यांनी जपून ठेवलं होतं.

"भाऊ," त्यांनी हाक मारली, "मघाशी दारात काय म्हनत होते तुमी? 'असं करा' म्हने. काय करू मी? उद्या सकाळीच येऊ का चाबी घ्यायले?"

आजूबाजूच्या दोन-तीन पानांवरचे हात थांबले. गाळ्याचं गावाला माहीत होतं. जगदेवरावांनी बुंदीचं भांडं खाली ठेवलं. त्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या जाकिटाकडे. "पाहू" हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला. तो वैभवीला स्पष्ट दिसला. मग त्यांनी तो गिळला.

"यायचं काम नाई, गोविंदसिंग," ते पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "गाळा मी वैभवीले देल्ला."