पुडीने उतरलेली साखर

पालमच्या बसस्टँडमागे रक्त तपासणीच्या लॅबपुढे सकाळी सातलाच शंभरेक माणसं उपाशीपोटी उभी होती. भस्मवाले महाराज खुर्ची टाकून पुड्या वाटत होते.

"इन्सुलिन सोडा, इमान धरा! आमी नुसता शब्द देत न्हाई, रिपोर्ट देतो! पुडीवरचा नंबर लॅबात सांगा अन् कागद बघा!"

कागदावर चारशेची साखर एकवीस दिवसांत एकशे अठरा होत होती. कृपा छापून मिळायला लागल्यावर गर्दी होणारच.

त्या रांगेत माझी चांगुणाआत्या होती. आमच्या घरातला देव्हारा छप्पन्न सालच्या धर्मांतरात गेला, तिच्या जन्माआधीच. आता तिच्या पायाचा अंगठा काळा पडला होता.

"आत्या, तू या बाबाकडं?"

"मी कुठं देवाला मानायलेय, धम्मशीला? मी कागदाला मानते. पुरावा बघावं, हे तूच शिकवलंस की!"

मला राग आला आणि लाजही वाटली. मी परभणीत कंपन्यांचे डेटाबेस सांभाळते, म्हणून तडक आत शिरले. लॅबवाले बन्सीधरकाका भले, पण भित्रे. त्यांना आत्याचं रक्त माझ्यासमोर तपासायला लावलं. मशीनच्या पडद्यावर तिची साखर तीनशे शहाण्णव होती, छापील कागदावर एकशे अठरा.

"मशीन बिघडलं असंल म्हणलं," काका पुटपुटले. कॉम्प्युटर बसवून देणारा महाराजांचा भाचा होता.

डेटाबेस म्हणजे नोंदींचं कपाट, एवढंच लोकांना माहीत असतं. त्यात बाहेर लिहिलेला कोडचा गठ्ठाही बसवता येतो. त्याला असेंब्ली म्हणतात. मी वीस ओळींचा प्रोग्राम लिहून डेटाबेसला विचारलं, तुझ्यात कोणकोणत्या असेंब्ली आहेत, कोणी आणि कधी घातल्या? दोन नावं आली. एक डेटाबेसची स्वतःची. दुसरीचं नाव 'कृपा', घालणारा भाचा, तारीख पहिल्या चमत्काराच्या चार दिवस आधीची. पुराव्यासाठी तिची प्रत काढून उघडली. आत साधी अट होती : पुडीचा नंबर असेल, तर साखर एकशे वीसच्या आत दाखव.

'कृपा' काढायला गेले तर डेटाबेस काढू देईना! रिपोर्टवर आकडा टाकणारं फंक्शन तिच्यावरच टेकलं होतं. आधी ते काढलं, मग 'कृपा' काढली, रिपोर्ट थेट नोंदींना जोडला आणि रांगेसमोर आत्याचा कागद पुन्हा छापला. तीनशे शहाण्णव.

"हिच्या हातानं यंत्र बाटलं!" महाराज ओरडले. रांगेतले काही जण माना डोलवत होते. ते मी विसरणार नाही.

पोलिसांनी मामा-भाच्यांना नेलं. पण आत्याची साखर एवढे दिवस चारशेच्या घरातच होती. नांदेडला तिचा पाय घोट्यावरून कापावा लागला.

तिथला नवा रिपोर्ट तिने उलटसुलट करून पाहिला. "हा तरी खरा कशावरून?"

"दुसरीकडं तपासून घेऊ, आत्या."

"तवा का न्हाई गं सुचलं मला हे?"

मी रडले. देव नाकारला की काम संपलं, असं मीही समजत होते. लोकहो, कागदालाही विचारा, यंत्रालाही विचारा, माझ्यासारख्या शिकलेल्यांनाही विचारा. पाय धड आहेत तोवर विचारा.