म्हातारीची उचकी

मित्रांनो, मोडतोड हाच माझा धंदा! मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेतली एक जुनी मशीन आहे. लोखंडाची सळी दोन जबड्यांत धरायची, हळूहळू खेचायची आणि ती तुटेपर्यंत तिने किती ताण सोसला ते कागदावर पेनाने रेखाटायचं, हे माझं काम.

मी आले तेव्हा माझा हिरवा रंग नुसता चकाकत होता. दारातून मी मावेना, म्हणून चौकट काढावी लागली. पहिली सळी तुटली तेव्हा असा काही आवाज झाला की पुढच्या बाकावरचे दोघे दचकून बाकाखाली शिरले आणि मागचे सगळे हसत सुटले. काय दिवस होते ते! पोरं रांगा लावायची. प्रयोगशाळा सांभाळणारे काका रोज सकाळी मला तेल द्यायचे, फडक्याने पुसायचे.

पुढे माझ्या आतल्या एका चाकाचा दात झिजला. सळी ठरावीक ताणली गेली की मी क्षणभर अडखळायचे आणि कागदावरच्या रेषेत एक बारीक खड्डा पडायचा. काका त्याला 'म्हातारीची उचकी' म्हणत. उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय म्हणतात. माझी कोण काढणार? काकांनी दुरुस्तीसाठी दरवर्षी अर्ज केला. वरून उत्तर यायचं, "चालतंय ना? मग चालू द्या." शेवटी काकांनीच युक्ती काढली. खोडरबराने खड्डा पुसायचा आणि पेन्सिलीने रेष सरळ जोडायची. बारा वर्षं प्रत्येक तुकडी तेच शिकली. मग कॉम्प्युटरवाली नवी मशीन आली आणि माझ्यावर प्लॅस्टिकचं कापड पडलं.

ते कापड काढलं एका मुलीने. दुसऱ्या कॉलेजातून मास्टर्स करायला आली होती. प्रत्येक गोष्ट लिहून ठेवायची, म्हणून मैत्रिणी तिला 'टिपणी' म्हणत. त्या म्हणायच्या, "अगं, कॉम्प्युटरचे विषय घे. मार्कही मिळतात आणि नोकरीही." घरून वडिलांचा फोन यायचा, "बाळा, तुला जे आवडतं ते घे. पण एकदा घेतलंस की रडायचं नाही हं." तिला धातू आवडायचे. नव्या मशीनवर महिनाभराची रांग होती, म्हणून ती माझ्याकडे आली. काका तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर होते. खोडायची रीत तिला सांगणार कोण?

तिने चौदा सळ्या खेचल्या. चौदाही रेषांत तोच खड्डा! तिचे डोळे असे चमकले म्हणून सांगू! धातूच्या पोटात काहीतरी नवं घडतंय, असं तिला वाटलं. तिने संशोधनाचा विषय म्हणून तोच लिहिला, त्याला जुळणारे विषय निवडले, कॉम्प्युटरचा सोपा विषय सोडून दिला. तिच्या मार्गदर्शक सरांनीही सही केली, तेही कॉलेजात नवीनच होते. आणि मी? मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, "पोरी, हे माझं दुखणं आहे गं!" पण मशीनला तोंड कुठे असतं?

फॉर्ममध्ये बदल करायची मुदत शनिवारी दुपारपर्यंत होती. शुक्रवारी काका रजेवरून परतले, नातवंडाचे पेढे घेऊन. रेषा बघितल्या आणि हसायलाच लागले. "अगं, ही तर आमच्या म्हातारीची उचकी! हे खोडायचं असतं."

टिपणी मटकन स्टुलावर बसली. "म्हणजे माझा विषयच गेला? अख्खं सेमिस्टर गेलं, काका!" ती ढसाढसा रडली. काकांचं हसू कुठल्या कुठे पळालं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं आणि विचारलं, "काका, त्याच जागी एखादी सळी मशीनमुळे नाही, तर स्वतःच खरोखर अडखळली असेल तर?"

"तर काय?"

"तर तेही खोडलं गेलं ना!"

 बारा वर्षांत आपण काय काय पुसलं, हे काकांना कळेना. ती तशीच सरांकडे धावली. सरांनी डोक्याला हात लावला, कारण सही त्यांचीही होती. मग म्हणाले, "मशीनची चूक कुठली आणि धातूचं वागणं कुठलं, हे वेगळं कसं काढायचं? कर यावर काम. पण मोजमापाचा विषय घ्यावा लागेल. तो कुणी घेत नाही, फार रटाळ आहे."

"घेते सर."

शनिवारी साडेअकराला नव्या विषयावर सही झाली.

पण माझी चूक नेमकी मोजायची, तर मला उघडणं भाग होतं. उघडताना तो झिजलेला दात निखळला आणि इतकी वर्षं त्याचा भार सोसून खिळखिळे झालेले शेजारचे दोन्ही दातही सोबत गेले. तसं चाक आता कोणी बनवत नाही. टिपणीने माझ्या खांबावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "सॉरी हं, आजी." माफी खरं तर मी मागायला हवी होती.

निखळलेले दात मोजून आणि त्या चौदा रेषांशी ताडून तिने काम पुरं केलं आणि तिला पदवी मिळाली. मी मात्र त्या दिवसापासून एकही सळी खेचली नाही. मित्रांनो, जुनं काही अडखळायला लागलं, तर त्याचं अडखळणं पुसून टाकू नका. त्याला उघडून बघा, वेळेवर बघा. उचकी लागली त्या पहिल्या वर्षीच कोणी मला उघडलं असतं, तर एका दातावर भागलं असतं आणि आजही मी कामावर असते.