सर्व बदला

मित्रांनो, मी संगणकाचा एक जुना कळफलक आहे. माझ्यावरची निम्मी अक्षरं बोटांनी झिजवली, उरलेली धुळीने झाकली. कारखान्यातले दिवस आठवत नाहीत. खोक्यातून बाहेर आलो तो थेट मलकापुरातल्या एका कॉलेजच्या मराठी विभागात. पहिल्या खंडेनवमीला मला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं. "काय मऊ चालतोय!" म्हणून सगळे कौतुक करायचे. पुढे कौतुक आटलं. फटींत चिवड्याचे कण साचले, एकदा चहा सांडला, तोही कुणी पुसला नाही. तरी मी नेम मोडला नाही. ज्याने जे अक्षर दाबलं ते निमूट उमटवलं.

दीक्षा मात्र बसण्याआधी मला ओढणीच्या टोकाने पुसायची. माण तालुक्यातली ही एम.ए.ची पोर. तिची आई भामाबाई शेरडं राखते. आईचं बोलणं जसंच्या तसं टिपून दीक्षाने शोधनिबंध लिहिला होता. सांगलीच्या चर्चासत्रात तो वाचायचा होता, आणि ऐकायला आई येणार होती. आईला अक्षरओळख नाही. पण आपलं बोलणं शिकल्या-सवरल्या माणसांत मान मिळवतं, हे तिने एकदा बघावं, एवढीच लेकीची आस.

मार्गदर्शक होते उदयसिंह सर. त्यांच्या सहीशिवाय निबंध हलत नव्हता. पानं चाळून ते म्हणाले, "अगं, ओळीओळीला हाय, हाय! कोण मेलंय का घरात?"

शेजारी बसलेला तिचा वर्गमित्र राजवर्धन फिस्सकन हसला.

"सर, आई तशीच बोलते. विषयच तिच्या बोलीचा आहे."

"बोली गोठ्यात. इथं शुद्ध पाहिजे. सरक."

त्यांनी मला पुढ्यात ओढलं आणि संगणकाला हुकूम सोडला. 'हाय' शोधा, त्या जागी 'आहे' घाला, सर्व बदला. शेवटची कळ त्यांनी अशी हाणली की माझं अंग कळवळलं. मित्रांनो, आम्हा यंत्रांना शब्द कळत नाही, नुसती अक्षरं दिसतात. जिथे 'हाय' दिसलं तिथे ते उपटलं गेलं, मग ते दुसऱ्या शब्दाच्या पोटात का असेना. भामाबाईचं 'आमी रानातच रहायला हाय' हे वाक्य 'आमी रानातच रआहेला आहे' असं झालं.

"सर, एकदा वाचून बघू का?"

"मी केलंय ना? पाठव."

चर्चासत्र झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी दीक्षा विभागात आली. सोबत भामाबाई होती. राजवर्धन कुणाला तरी फोनवर सांगत होता, "अध्यक्षांनी मोठ्यानं वाचलं गड्या, 'रआहेला!' म्हणले, ही कुठल्या जंगलातली बोली? हॉल नुसता लोळला!"

भामाबाईला त्यातलं काही कळलं नाही. ती स्टुलावर बसून कौतुकाने म्हणाली, "लय हसली माणसं. मग मीबी हसले. माझं बोलणं गोड लागलं आसंल त्यास्नी."

दीक्षाने आईला पाण्याचा पेला भरून दिला.

तेवढ्यात सर आले. "विभागाचं नाक कापलंस! बस, माफी टंक. 'निबंधातल्या चुका माझ्या अज्ञानामुळे झाल्या.' नाहीतर तुझ्या प्रबंधावर माझी सही विसर."

"पण सर, तो बदल तुम्ही..."

"मी काय?"

दीक्षा बसली. आज तिने मला पुसलं नाही. तिची बोटं गार होती. 'अज्ञान' हा शब्द तिने दाबला आणि मी तो उमटवला, एकही अक्षर न चुकता.

कागद छापून निघाला. भामाबाईने विचारलं, "काय लिवलंस गं, दीक्षे?"

"तुझ्या बोलण्याचंच हाय, आये. ते खरं हाय, आसं लिवलंय."

भामाबाई हरखली. कागद घेऊन ती सरांपुढे गेली. "सायेब, माझं बोलणं खरं हाय म्हणं. तुमची बी सई करा की ह्याच्यावर."

सरांनी राजवर्धनकडे बघून डोळा मारला आणि झोकात सही ठोकली. भामाबाईने तो कागद कपाळाला लावला.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी मी राग धरणार नाही. आपलं लेखन सुधारा, पुन्हा वाचा, खुशाल खोडा. पण दुसऱ्याच्या तोंडचा शब्द पुसण्याआधी एकदा त्या माणसाच्या तोंडाकडे बघा. मी पडलो कळफलक. मला दाबलं की उमटावंच लागतं. तुम्हाला तसं नाही.