राक्षस आधी मला भेटतात

मित्रांनो, चिडलेला राक्षस कसा दिसतो हे तुम्ही पुस्तकात पाहिले असेल. मी मात्र तो पुस्तकात येण्याआधीच पाहिलेला असतो, तोही अगदी नाकासमोर. मी एक जुना आरसा आहे. माझा खालचा एक कोपरा उडाला आहे, कडेने काळे डाग पडले आहेत, पण तोंड मी अजून सरळ दाखवतो. निदान ज्याचे सरळ असेल त्याचे तरी.

काचेच्या कारखान्यात एका मोठ्या तावातून मला कापले, पाठीवर चकचकीत लेप चढवला आणि लाकडी चौकटीत बसवून एका केशकर्तनालयात टांगले. दुकानाच्या मालकांना त्यांची भाची मामा म्हणे, म्हणून मीही मामाच म्हणतो. तिथे माझे दिवस चांगले गेले, पण खरे सांगू का, कंटाळवाणे गेले. माणसाच्या गळ्याभोवती कापड गुंडाळले की तो लगेच गंभीर होतो. मी वर्षानुवर्षे नुसती गंभीर तोंडे पाहिली. कोणी हसलेच तर दात स्वच्छ दिसतात का एवढे तपासायला.

मग दुकानाची रंगरंगोटी निघाली. शिडी लागून माझा कोपरा उडाला आणि माझ्या जागी भिंतभर नवे आरसे आले. मामांनी मला कागदात गुंडाळून भाचीच्या हाती दिले. "घेऊन जा. कोपरा गेलाय, पण नजर चांगली आहे त्याची," ते म्हणाले. एवढे कौतुक माझ्या वाट्याला तोवर कधी आले नव्हते.

भाची चित्रकार होती. मुलांच्या अद्भुत गोष्टींच्या पुस्तकांसाठी ती चित्रे काढायची. तिच्या खोलीत खिडकीशी उतरते टेबल होते, त्यावर रंगांच्या वाट्या, पाण्याची बरणी आणि तिच्या शेजारीच चहाचा कप. कप आणि बरणी यांची तिच्याकडून नेहमी अदलाबदल व्हायची. एकदा तर निळा चहा तिने अर्धा संपवला, मग तिच्या लक्षात आले.

टेबलासमोर मला टांगून ती बसली, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून एकदम दात विचकले. मी दचकलो. दुकानात असे कोणी केले असते तर मामांनी वस्तरा खाली ठेवला असता. तिने भुवया आवळल्या, नाकपुड्या फुगवल्या, जबडा पुढे काढला, आणि तसेच तोंड ठेवून पेन्सिल उचलली. संध्याकाळी कागदावर डोंगराएवढा राक्षस उभा होता. अंगावर खवले, कानांतून धूर, पण रागाच्या मागे कुठेतरी भूक लागलेल्या माणसाची चिडचिड. ती तिची होती. दुपारी ती जेवलीच नव्हती.

तेव्हापासून मी तिच्या कामाचा चाहता झालो. म्हातारी चेटकीण काढताना ती तिच्या मोज्याला रफूही काढायची. ड्रॅगनच्या डोळ्यातला प्रकाश ती रंगाने काढत नसे, तेवढा कागद कोरा सोडायची. चित्र झाले की ते माझ्यासमोर धरायची. मी सगळे उलटे दाखवतो, त्यामुळे किल्ल्याचा बुरूज कलला असेल तर तिला लगेच कळायचे. लोकांना वाटते आरसा चुका दाखवतो. मी काही दाखवत नाही हो, शोधते तीच.

या सगळ्यावर नाराज होत्या फक्त तिच्या आई. त्या चहा घेऊन दारात यायच्या, लेकीचे वटारलेले डोळे बघायच्या आणि म्हणायच्या, "पुरे गं. एखाद दिवशी तोंड असंच राहील."

हे त्या रोज म्हणत. दार उघडले की बिजागरी कुरकुरते, तसेच ते वाक्य यायचे. कोणाचेच त्याकडे लक्ष नव्हते.

त्या वर्षी एका राक्षसिणीचे पुस्तक चालू होते. तिच्या गालाच्या खळीत एका चिमणीने घरटे केलेले असते. हसली तर घरटे पडेल, म्हणून ती बिचारी पिल्ले मोठी होईपर्यंत हसू दाबून धरते. शेवटच्या पानावर पिल्ले उडतात आणि ती एकदाची हसते. ओठ मिटलेल्या राक्षसिणीची सगळी चित्रे सुंदर झाली होती. राहिले होते ते एकच, हसण्याचे.

सकाळी ती माझ्यासमोर बसली आणि हसली. अर्धीच हसली. डावा गाल जागचा हलला नाही, डावी पापणीही मिटेना. तिला वाटले माझ्यावरच काही डाग आहे. तिने बाहीने मला पुसले आणि पुन्हा हसून पाहिले. डाग माझ्यावर नव्हता, मित्रांनो. मी तेव्हा फुटलो असतो तर बरे, असे मला वाटले.

तिने हाक मारली. आई दारात आल्या आणि त्यांच्या तोंडचे पाणीच पळाले. दोघी तशाच दवाखान्यात गेल्या. परत आल्या तेव्हा तिच्या डोळ्यावर पट्टी होती आणि आईंच्या हातात गोळ्यांची पिशवी. दुपारी ती झोपल्यावर आईंनी न्हाणीघरातल्या छोट्या आरशावर टॉवेल टाकला, मग खोलीत येऊन मला खिळ्यावरून उतरवले आणि भिंतीकडे तोंड करून खाली ठेवले. माझ्या पाठीला हात टेकून त्या हळूच म्हणाल्या, "माझीच जीभ काळी."

पुढचे दिवस मला फक्त भिंतीचा चुना दिसत होता. ऐकू मात्र सगळे यायचे. ती बोलली की 'प' आणि 'फ' ओठांतून निसटून जायचे. प्रकाशनाच्या बाईंचा फोन आला की ती म्हणायची, "शेवटचं चित्र देते, थोडं थांबा." मग कागद फाटल्याचा आवाज. एकदा ती आईला म्हणाली, "आठवून काढलेलं हसू दिसतं हसल्यासारखं. पण ते हसत नाही गं." आई आता चहा आणून ठेवत आणि गुपचूप निघून जात. मला त्यांच्या त्या रोजच्या वाक्याची आठवण यायची.

एके दिवशी चेहऱ्याचे व्यायाम शिकवायला डॉक्टरबाई घरी आल्या. त्यांनी आरसा मागितला.

"तो नकोच," आई म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "डॉक्टर, ही दिवसभर तोंडं वाकडी करायची. मी म्हणायचे, असंच राहील. त्यानंच झालं का हो हे?"

"छे हो. चेहऱ्याची एक नस सुजलीय तिची. तोंडं करण्याशी आणि तुमच्या बोलण्याशी त्याचा काही संबंध नाही. तसं असतं तर माझ्या धाकट्याचं केव्हाच माकड झालं असतं." डॉक्टरबाई हसल्या. "उलट आता तेच करायचंय, जोर न लावता. भुवया वर करायच्या, डोळे मिटायचे, गाल फुगवायचे, दात दाखवायचे. आरशात बघून. बहुतेकांचं बरं होतं, धीर धरा."

आईंनी सुस्कारा सोडला. तो किती दिवसांचा होता हे मला चांगले ठाऊक आहे. "म्हणजे राक्षसच करायचे की," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी मला वळवले. खोलीभर ऊन होते. मी पुन्हा खिळ्यावर गेलो.

पण लेकीला माझ्यासमोर बसवेना. मग आईंनी शेजारी स्टूल ओढले. जन्मात कधी नाकसुद्धा न मुरडलेल्या त्या बाईने गाल फुगवले. मला वाटले आता या फुटतात. रोज सकाळी दोघी माझ्यासमोर बसू लागल्या. उजवी बाजू हलायची, डावी ढिम्म. आई म्हणायच्या, "उद्या बघू." दुसऱ्या दिवशीही उद्याच बघायचे असायचे.

एका सकाळी दात दाखवायची पाळी आली आणि आईंनी इतक्या मनापासून दात दाखवले की वरची कवळी सुटून मांडीवर पडली. लेक हसली. ठरवून नाही, तिला हसू आवरलेच नाही. आणि तिच्या ओठांचा डावा कोपरा थरथरला. मी सर्वांत आधी पाहिले. मला ओरडता येत नाही, मी फक्त दाखवू शकतो, आणि मी जिवाच्या आकांताने दाखवले.

कवळी हातात धरून आई माझ्यात बघत होत्या. "हलला गं," त्या म्हणाल्या. "ओठ हलला. परत कर."

"आधी तू परत कवळी पाड."

तेव्हा आई हसल्या. मान मागे टाकून, बोळके तोंड उघडे टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतके दिवस दाबून धरलेले सगळे बाहेर आले. लेकीने नजर न हलवता पेन्सिल चाचपली.

चित्र पूर्ण झाल्यावर तिने ते माझ्यासमोर धरले. राक्षसीण हसत होती, घरट्याच्या काड्या हवेत होत्या, पिल्ले ढगांपाशी पोहोचली होती. हसू एका बाजूला जरा जास्त वर गेले होते. माझ्यात ते स्पष्ट दिसले. तिने हातातला रबर खाली ठेवून दिला.

आईंनी मागून वाकून बराच वेळ पाहिले. "हिला वर दात नाहीत."

"नाहीत."

"बरं झालं. पिल्लं घाबरायची नाहीत."

मित्रांनो, आता माझे डाग वाढत चालले आहेत. मामांनी नवा आरसा देऊ केला, पण तिने नको म्हटले. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला कोरड्या फडक्याने पुसत जा. कडेने पाणी शिरले की पाठीचा लेप सुटतो. आणि दिवस वाईट आले म्हणून त्याला भिंतीकडे तोंड करून ठेवू नका. चेहरा जसा बिघडताना दिसतो, तसा सुधारतानाही आमच्यातच दिसतो.

ती पूर्ण बरी झाली. परवा नव्या पुस्तकासाठी ती माझ्यासमोर बसून हसत होती, दोन्ही गालांनी, अगदी कानापर्यंत. आई चहा घेऊन दारात आल्या. त्यांनी तोंड उघडले आणि मला वाटले, आले ते वाक्य.

त्यांनी कप बरणीपासून लांब ठेवला आणि लेकीकडे बघत म्हणाल्या, "राहू दे आता असंच."